राहिलेली ओल

उदवण हे बेट कुठल्याही नकाशात सापडणार नाही. ते माझ्या अकरा वह्यांमध्ये आहे, आणि त्या वह्या वाचनालयाच्या कपाटात जुन्या दिवाळी अंकांच्या मागे ठेवलेल्या आहेत. आमचं गाव मंचरपासून आठ किलोमीटरवर. चौतीस वर्षं मी इथं पुस्तकं देण्या-घेण्याचं काम केलं. माणसांशी बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून एक अख्खा देश तयार केला आणि त्यातल्या माणसांना बोलायला लावलं. म्हाताऱ्या माणसाचा हा उद्योग हास्यास्पद आहे याची मला कल्पना होती. त्यामुळे वह्या कुणाला दाखवल्या नाहीत. फक्त दादाभाऊला वाचून दाखवायचो.

दादाभाऊ माझा पहिलीपासूनचा मित्र. त्याचं घर वाचनालयाच्या मागच्याच आळीत. रोज दुपारी चारला तो माझ्याकडे, वाचनालयाच्या मागच्या ओट्यावर येऊन बसायचा, कोपरीच्या खिशातून छोटी बाटली काढायचा आणि माझ्याकडच्या दोन पितळी पेल्यांपैकी एकात ओतायचा. माठातलं पाणी घालायचा. मग परसातल्या कागदी लिंबाचं एक पान तोडून, तळहातावर चोळून पेल्यात टाकायचा. त्याशिवाय त्याला ती गोड लागत नसे. मी चहा प्यायचो. दारूला मी आयुष्यात हात लावलेला नव्हता. तत्त्व वगैरे काही नाही, निव्वळ भीती.

आमच्याकडे दारूबद्दल कुणी सरळ बोलत नाही. ढाब्यावर ती स्टीलच्या जगमधून येते. गळ्यात माळ असलेला माणूस 'पाहुण्यांसाठी' म्हणून बाटली मागवतो आणि सकाळी तोच सांगतो, पिणाऱ्याच्या घरात मुलगी द्यायची नाही. मला या लपवाछपवीचा लहानपणापासून त्रास व्हायचा. उदवणात मी ती ठेवली नाही.

तिथल्या दारूला ओल म्हणतात. मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याच्या नावाचा एक माठ भरून उंबऱ्याखाली पुरतात. त्या माणसाची जन्माची ओल तेवढीच. जास्त पिता येत नाही आणि तशीच ठेवूनही चालत नाही. रोज चौथ्या प्रहरी समुद्राकडे तोंड करून एक पेला प्यायचा. 'दारुडा' हा शब्दच त्यांच्या भाषेत नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी घरातलं मोठं माणूस उंबऱ्यापाशी बसून माठावर बोटाचं पेर वाजवतं आणि सगळे कान देऊन ऐकतात, किती उरली ते. ज्याचा माठ रिता झाला त्याला कोरडा म्हणतात आणि नावेत पहिली जागा देतात.

"भाग्या, तिथला एक व्हिसा काढून दे राव मला," दादाभाऊ म्हणायचा.

"तिथं विमान जात नाही."

"मंग यष्टी?"

"अरे, ते बेट आहे."

"मंग मंचरवरनं काय जात आसंल तर बघ. मी पायरीवर बसून जाईन."

गेल्या माघात एक दिवस तो हसला नाही. पेला नुसता हातात धरून बसला. पोट फुगलं होतं, पाय सुजले होते. डॉक्टरांनी बंद करायला सांगून वर्ष झालं होतं.

"आन् मधीच मेला एखादा तर रं? माठात ऱ्हायलेली कोन पेतो?"

मी याचा विचार केलेला नव्हता. पण लिहिणाऱ्याला विचारलं की त्याला उत्तर द्यावंसं वाटतंच. मी तिथल्या तिथं रचून सांगितलं. दहाव्या दिवशी किनाऱ्यावर मेलेल्याचं अन्न मांडतात. कुणीतरी पुढं होऊन 'तुझी राहिलेली ओल माझी' असं म्हणायचं. मग समुद्रपक्षी येऊन अन्न उचलतो. कुणीच म्हटलं नाही तर ती सगळी थोरल्या मुलावर जाते, त्याच्या स्वतःच्या वाट्याच्या वर. हे मी आमच्या दहाव्यावरूनच उचललं होतं, हे उघड आहे. माझी कल्पनाशक्ती काही फार मोठी नाही.

"आन् ज्यानं घेतली त्यानंच टाकून दिली तर?"

"तरी थोरल्याकडेच जाते."

"लई कडक कायदा हाय तुझा." मग तो माझ्याकडे बघत म्हणाला, "माझी तू घे. तुझ्यात लई जागा हाय. जलमभर कोरडाच ऱ्हायलास."

मी हसलो. त्या संध्याकाळी हा सगळा नियम वहीत उतरवून ठेवला. वाक्य चांगलं जमलं म्हणून खूशही झालो.

चैत्रात दादाभाऊ गेला.

दहाव्याला घाटावर पाचेकशे माणूस होतं. प्रवचन झालं, पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या झाल्या. पिंड मांडले. शेजारी त्याला आवडणारं म्हणून भजी, तंबाखूची पुडी आणि एक क्वार्टर ठेवली. झाकण उघडून ठेवली. समोर बाभळीवर सात-आठ कावळे बसलेले होते. एकही खाली येईना.

ऊन वाढत होतं. बायकांच्या बाजूला दादाभाऊची बायको प्रयागबाई तोंडाला पदर लावून बसली होती. पाहुणे एकेक करून पुढं होत होते. "दादाभाऊ, बायकोचं आम्ही बघतो." कावळे हलले नाहीत. "नातीच्या शिक्षणाची काळजी करू नका." काही नाही.

मग कुणीतरी दादाभाऊच्या एकुलत्या मुलाला, अमृतला, पुढं ढकललं. त्याची पिकअप आहे, कांदा-टोमॅटो मार्केटला नेतो. बापाच्या वरताण पितो. त्याची बायको आरती यापायी दोनदा पिंपरी पेंढारला माहेरी जाऊन बसली होती. अमृत हात जोडून उभा राहिला. त्या दिवशीही तो थोडी घेऊन आला होता, हे जवळच्यांना कळत होतं.

"आबा," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. "आबा, मी आजपासनं सोडली. पुन्यांदा पेनार न्हाई. तुमची आन."

लोक झाडाकडे बघू लागले. कावळे तसेच. एकाने मान वळवून पाठ केली. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "बापाला म्हाईतीय पोरगं."

अमृतचा चेहरा मला बघवेना. मी गर्दीच्या कडेला होतो. पुढं जायचं धाडस माझ्यात नाही. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो. का, ते आजही सांगता येत नाही. मित्राशी चाललेला जुना विनोद पुरा करावा, एवढंच बहुतेक मनात होतं.

"दादाभाऊ, तुझी राहिलेली ओल माझी."

शब्द संपायच्या आत कावळा खाली आला. झेप नाही, पंखांचा आवाज नाही. बाभळीवर होता आणि पिंडावर होता. त्याने भाताला एकदाच चोच लावली. मग गर्दीतून वाट काढत बघितल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"शिवला! शिवला!" ओरडा झाला. अमृतला लोकांनी मिठ्या मारल्या. बापाने मुलाचा शब्द मानला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. अमृत रडत होता आणि त्याची खात्री पटली होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सवयीने ओट्यावर बसलो. दोन्ही पेले धुऊन पालथे घातलेले होते. मी एक सुलटा केला, माठातलं पाणी घेतलं आणि तोंडाशी नेलं.

दारूचा वास आला. आणि चोळलेल्या लिंबाच्या पानाचा.

मी पेला खाली ठेवला. पाणी स्वच्छ होतं. माठात वाकून बघितलं, तिथं नुसता मातीचा गार वास. दुसरा पेला घेतला, तसंच. घरी जाऊन स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं, तसंच. मला वाटलं, दुःखाने माणसाच्या नाकाला काहीही होऊ शकतं. पाणी मोरीत ओतलं. पाच वाजल्यानंतर पाणी पुन्हा पाण्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरती वाचनालयाच्या दारात उभी होती. ती कधी इकडे येत नाही.

"नाना, तुमी तरी सांगा त्यांना. काल मार्केटवरनं येताना बंधाऱ्यावर पडलेले गावले."

मी गेलो. अमृत ओसरीवर डोकं धरून बसला होता. ओशाळलेला वाटला नाही, घाबरलेला होता.

"नाना, आईशप्पत, मी बाटली इकत घेतली न्हाई. गाडी चालवत व्हतो. चार वाजलं आसतील. हातात कुठनं आली, कळलंच न्हाई."

"लिंबाचं पान होतं का त्यात?" मी विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. बापासारखं पान घालून तो कधीच पीत नसे.

त्या दिवशी चार वाजता मी डोळे मिटून पेला तोंडाला लावला. घशापासून पोटापर्यंत जळत गेलं. मी ठसकलो, ओकारी आवरली, तो पुरा केला. अमृत त्या दिवशी शुद्धीत घरी आला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही.

पुढचं लिहायला मला लाज वाटते. माझा माझ्यावर विश्वास नाही, हा माझा जन्माचा दोष. वाटलं, हे सगळं योगायोगाने घडत असेल आणि मी म्हातारपणी भ्रमिष्ट होत असेन. म्हणून खात्री करायला मी एक दिवस मुद्दाम पेला ओतून दिला. दुसऱ्याच्या मुलावर प्रयोग केला. त्या रात्री अमृतने श्रेयाला, त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला, उचलून भिंतीकडे फेकलं. ती गादीवर पडली म्हणून वाचली. अमृतला सकाळी काहीच आठवत नव्हतं.

मग मी दुसरी वाट शोधली. हा देश मी लिहिलेला आहे, तर त्याचा कायदा मला बदलता यायला हवा. मी अकरावी वही काढली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'राहिलेली ओल वाहत्या पाण्यात सोडता येते. मग ती कुणाचीच राहत नाही.' चार वाजता पेला घेऊन घाटावर गेलो आणि नदीत ओतला. बाभळीवर कावळा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी अमृतची पिकअप हायवेच्या दुभाजकावर चढली. हात मोडला. पुढून ट्रक येत होता, त्याच्या ड्रायव्हरने तो कसाबसा कडेला घेतला.

परत येऊन वही उघडली. मी लिहिलेल्या ओळींच्या जागी कोरा कागद होता. खोडलेलं नाही, पुसलेलं नाही, शाईचा डागही नाही. मागच्या पानावरचा दादाभाऊला सांगितलेला नियम मात्र जागच्या जागी होता, आणि शाई ओली असावी तसा चमकत होता. तेव्हा मला कळलं. मी मोठ्याने वाचून दाखवलेलं आणि दादाभाऊने ऐकून मान्य केलेलं तेवढंच तिथं चालत होतं. आता ऐकणारा राहिला नव्हता, त्यामुळे कायदा बदलायची सोयही राहिली नव्हती.

त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही.

ज्येष्ठ, आषाढ गेला. अमृतचा हात बरा झाला. लोक त्याचं उदाहरण देऊ लागले. घाटावर शब्द दिला आणि पाळला, असं कीर्तनातही सांगितलं गेलं. आरतीच्या अंगावर थोडं मांस आलं. श्रेया शाळेतून येताना वाचनालयात डोकावते. एकदा ती दारात थबकली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचा वास आमच्या आबांसारखा येतो."

तो वास इतरांनाही येत होता. माझे हात कापू लागले, डोळे लाल राहू लागले. पुस्तकाच्या कार्डावर नाव लिहिताना अक्षर माझं येत नसे, दादाभाऊचं येई. त्याला जेमतेम चौथीपर्यंतचं लिहिता यायचं, तसं तिरपं, मोठं. मला कांद्याच्या भावाची काळजी वाटू लागली. माझ्याकडे एक गुंठाही जमीन नाही.

गावाने आपली रीत पाळली. कुणी मला काही विचारलं नाही. बायका मुलींना वाचनालयात पाठवेनाशा झाल्या. मी नमस्कार केला की माणसं मोबाईल बघायची. श्रावणात कमिटीतले दोघे आले. इकडचं-तिकडचं बोलून म्हणाले, "नाना, आता आराम करा. किल्ली आमच्याकडे द्या." मी किल्ली दिली. फक्त मागचा ओटा आणि माठ तेवढा वापरू द्या, म्हणालो. ते एकमेकांकडे बघून हसले. उदवणात अशा माणसाला कुणी हसलं नसतं. पण उदवण मला आता तेवढं निर्मळ वाटत नव्हतं. तिथंही मुलं बापाच्या माठाखाली चिरडली जात असणार. मीच तशी सोय केली होती.

काल दुपारी प्रयागबाई आली.

चारला पाच-सात मिनिटं होती. मी ओट्यावर बसलो होतो, पेला भरून समोर ठेवलेला. दादाभाऊ गेल्यापासून तिने या ओट्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. ती पायरीखालीच थांबली. महाळुंगे पडवळची लेक, उभ्या जन्मात कुणापुढं वाकली नाही. नवरा पिऊन आला की दाराला कडी घालून अंगणात झोपवायची.

"भागूभाऊजी, खरं हाय का लोक म्हनत्यात ते?"

मी मान खाली घातली.

"चाळीस वर्सं मी त्या मानसाला सांगायची, त्या भागूकडं बगा, चहाबिगर काय घेत न्हाई. आन् आता तुमी? ह्या वयात? लाज न्हाई वाटली? त्याची पाठ सोडली आन् तुमच्या मागं लागली का ती रांड?"

घराघरात चारचे ठोके वाजत नाहीत हल्ली. पण मला कळतं. परसातल्या लिंबाचं एक पान वारा नसताना हललं.

वास सुटला. प्रयागबाईचं बोलणं तुटलं. ती पायरी चढून आली, पेला उचलला, नाकाशी नेला.

"ह्यात लिंबाचं पान कुनी घातलं?"

"कुणी नाही. पाणी आहे नुसतं. माठातलं."

तिने माठात वाकून बघितलं. पेल्यात बघितलं. मग खाली बसली, बरोबर दादाभाऊ बसायचा त्या जागी.

मी तिला सगळं सांगितलं. आयुष्यात एका दमात मी इतकं कधी बोललो नव्हतो. बेट, माठ, घाटावरचं वाक्य, ओतून दिलेले तीन पेले आणि त्या तीन दिवशी काय झालं ते. श्रेयाचं सांगताना तिने डोळे मिटले. मला आशा होती, ती मला वेडा म्हणेल. निदान म्हणेल, नका पिऊ भाऊजी, होऊ दे व्हायचं ते. तिने एवढं म्हटलं असतं तरी मला पुरलं असतं. प्यायचं तर मला होतंच.

तिची नजर पेल्यावर होती.

"म्हंजे त्या दिशी कावळा अमृतच्या शब्दाला शिवला न्हवता."

"नाही."

"त्याला हे सांगू नका."

"नाही सांगणार."

"किती राहिलीय?"

मी माठाजवळ सरकलो. त्यात तळाला चार बोटं पाणी होतं, तिने आत्ताच बघितलं होतं. मी बोटाचं पेर वाजवलं. रित्या माठाचा टणक आवाज यायला हवा होता. आला तो भरलेल्या माठाचा, तोंडापर्यंत भरलेल्या, जड, बसका. आणि तो माठातून आला नाही. ओट्याच्या फरशीखालून आला.

आम्ही दोघांनी ऐकला.

"माझं वय अडुसष्ट आहे, वहिनी," मी म्हणालो. "संपायच्या आत मी गेलो तर?"

तिने पेला दोन्ही हातांनी उचलला, पदराने त्याचा काठ पुसला आणि माझ्यासमोर धरला. लग्नात पाहुण्याला पाणी द्यावं तितक्या मायेने.

"प्या," ती म्हणाली. "आन् तब्येतीला जपा. सकाळचं दूध मी पाठवीत जाईन. चारला मी सोता येत जाईन रोज."

मी प्यायलो. ती शेवटच्या घोटापर्यंत बघत राहिली. मग पेला माझ्या हातातून घेऊन पालथा केला, एक थेंबही पडला नाही, तेव्हा उठली.

आज सकाळी सातला दूध आलं. साय धरलेलं, गरम.